एक लिटर म्हणजे एक किलो नव्हे

रविवारची दुपार होती. मी कल्याणला आपाकडे जेवायला गेलो होतो. दूधनाक्याच्या बाजूला तिचं दोन खोल्यांचं घर आहे. जेवण आटोपून आम्ही चहाची वाट बघत बसलो होतो, तेवढ्यात तिचा फोन वाजला. हात ओले होते म्हणून तिने स्पीकर सुरू केला. डोंबिवलीच्या एका काकूंचा फोन होता. आदल्या दिवशी त्यांच्या नातवाचा पहिला वाढदिवस झाला होता आणि त्यासाठी आपाने पाच किलो सीताफळ आइस्क्रीम पाठवलं होतं.

"ताई, आइस्क्रीम फार छान झालं होतं. पोरांनी डबे चाटूनपुसून खाल्ले," काकू म्हणाल्या. "पण एक सांगू का? राग मानू नका. फ्रीजरमध्ये ठेवण्याआधी मी सहज डबे काट्यावर ठेवले होते. पाच किलो नाही भरले."

"किती भरले?" आपाने विचारलं.

"पाचही मिळून ३ किलो ६७५ ग्रॅम."

आपा काही बोलणार, एवढ्यात पलीकडून मागून एका तरुण माणसाचा आवाज आला. "यांच्याकडून घेतलं की असंच होणार. मी आधीच म्हटलं होतं."

काकूंनी घाईघाईने फोनवर हात ठेवला असावा, कारण पुढचं काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "तुमच्याकडून चुकून झालं असेल, म्हणून सांगितलं हो. दुसरं काही नाही." आपा म्हणाली, "बघते काकू. खात्री करून तुम्हाला फोन करते." आणि तिने फोन ठेवला.

'यांच्याकडून' म्हणजे कुणाकडून, हे आम्हा दोघांनाही विचारावं लागलं नाही. हा शब्द आम्ही शाळेत, बँकेत, भाड्याचं घर शोधताना ऐकलेला आहे. माझ्या कानशिलावर शीर तटतटली. मी म्हणालो, "आपा, त्यांना सांग, डबा एक लिटरचा आहे. बाजारातून आणलेला मोजून बघा म्हणावं." आपा ओले हात पदराला पुसत माझ्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "आपल्या दरपत्रकावर काय लिहिलंय?"

दरपत्रक मी केलेलं होतं. मोबाइलवर बसून, सीताफळाचं चित्र वगैरे टाकून, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईल असं. त्यावर मोठ्या अक्षरात होतं: 'घरगुती आइस्क्रीम. १ किलो ४०० रुपये.'

मी ठाण्याच्या एका शाळेत गणित शिकवतो. पाचवीच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहितो की एक लिटर म्हणजे एक किलो. आपाचे डबे एक लिटरचे होते. मी त्याचा एक किलो करून टाकला. दोन बोटांचं काम. कुणाला विचारलं नाही, की मोजून बघितलं नाही.

आपाच्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. दाजी भिवंडीत पावरलूमवर कामाला. गेल्या काही वर्षांत तिथले कामाचे दिवस कमी कमी होत गेले. घरात अब्बांच्या वेळचा लाकडी सांचा पडून होता: बाहेर लाकडी पिंप, आत कल्हईचं भांडं, वर फिरवायचा दांडा. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात एकदा तरी तो निघायचा. भांड्याभोवती बर्फ आणि जाडं मीठ भरायचं आणि हात दुखेपर्यंत दांडा फिरवायचा. मीठ बर्फाचा गोठणबिंदू खाली आणतं. बर्फ वितळू लागतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या दुधातून ओढून घेतो. नुसता बर्फ शून्य अंशाखाली नेऊ शकत नाही; मीठ घातलं की तोच बर्फ शून्याच्या बराच खाली, फार तर उणे २१ अंशांपर्यंत नेतो. अशा युक्त्या आपल्याकडे जुन्या. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त शोऱ्याने पाणी गार करण्याची रीत सांगितलेली आहे. आपाने आधी त्या सांच्यावर शेजारपाजारच्या ऑर्डरी केल्या, मग विजेवर चालणारं छोटं यंत्र घेतलं. रीतसर नोंदणी केली. आठ महिन्यांत बरं चाललं होतं. भाच्याच्या अकरावीच्या फीचे पैसे त्यातून बाजूला पडत होते.

त्या दुपारी आपाने चहा बाजूला ठेवला आणि ओट्यावर काटा काढला. तिने एक वाटी घेतली, आमटीची नेहमीची. पाण्याने काठोकाठ भरून बघितली, १५० ग्रॅम पाणी मावलं, म्हणजे वाटी १५० मिलिलिटरची. मग तीच वाटी दुधाने भरली. १५५ ग्रॅम भरले. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं. एक लिटर दूध साधारण एक किलो तीस ग्रॅम भरतं. तबेलेवाल्यांच्या दुधात लॅक्टोमीटर बुडवून बघतात ते याच जडपणावर. दुधात पाणी घातलं की ते हलकं होतं आणि लॅक्टोमीटर खाली जातो. मग आपाने फ्रिजमधलं न गोठवलेलं मिश्रण, म्हणजे आटवलेलं दूध, साय, साखर आणि गर, वाटीत ओतलं. १६२ ग्रॅम. साखर आणि घट्टपणामुळे ते दुधाहून जड. इथपर्यंत माझं 'एक लिटर म्हणजे एक किलो' जवळपास टिकून होतं.

मग तिने तयार आइस्क्रीम वाटीत दाबून भरलं, सुरीच्या पाठीने वरून सपाट केलं आणि काट्यावर ठेवलं. वाटीचं वजन वजा जाता साडेतीन वर १०० ग्रॅम. १०३ आणि थोडं.

तीच वाटी, तेच दूध, तीच साखर. मिश्रण गोठलं म्हणून ६० ग्रॅम कमी झालं का? नाही. ते ६० ग्रॅम वाटीबाहेर राहिले होते, कारण त्यांची जागा हवेने घेतली होती. यंत्रातलं पातं फिरताना मिश्रणात बारीक बारीक हवेचे बुडबुडे कोंडत जातं, आणि आइस्क्रीमचा मऊपणा त्या हवेतूनच येतो. हवा न घालता तेच मिश्रण गोठवलं तर चमचा वाकेल असा दगड होतो. या फुगवट्याला धंद्यात 'ओव्हररन' म्हणतात. हिशेब सोपा आहे. एक लिटर मिश्रणाचं वजन घ्या, त्यातून एक लिटर आइस्क्रीमचं वजन वजा करा, आणि उरलेल्या आकड्याला आइस्क्रीमच्या वजनाने भागा. आपाचं मिश्रण लिटरला १,०८० ग्रॅम आणि आइस्क्रीम ६९० ग्रॅम. वजाबाकी ३९०. फुगवटा सुमारे ५७ टक्के.

"आणि दुकानातला डबा?" आपाने विचारलं.

मी फोनवर नियम शोधून वाचला. आपल्याकडच्या अन्न सुरक्षा नियमांत 'आइस्क्रीम' म्हणवून घ्यायचं तर दुधाची चरबी किमान १० टक्के हवी आणि एक लिटरचं वजन किमान ५२५ ग्रॅम हवं. मध्यम किंवा कमी चरबीच्या प्रकारांना ४७५ ग्रॅमही चालतात. अमेरिकेतही असाच नियम आहे. तिथे एका गॅलनला किमान साडेचार पौंड, म्हणजे लिटरला साधारण ५४० ग्रॅम. त्यामुळे कायद्याला धरून बनवलेल्या एक लिटर आइस्क्रीममध्ये अर्धी जागा हवेची असू शकते. दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल वापरलं असेल तर त्याला आइस्क्रीम म्हणता येत नाही, डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहावं लागतं.

मला हायसं वाटलं. मी म्हणालो, "बघ, तुझं लिटरमागे ६९० आहे. कायद्यापेक्षा १६५ ग्रॅम जास्तच देतेस तू. काकूंना हे सगळं सांगूया."

आपा म्हणाली, "दुकानदार डब्यावर मिलिलिटर लिहितो. हवा विकतो, पण जागा विकतो असं सांगून विकतो. आपण किलो लिहिलं. लिहिलं एक आणि दिलं दुसरं, त्याला काय म्हणतात?"

त्याला काय म्हणतात ते तिला आणि मला दोघांना ठाऊक होतं. मदरशात लहानपणी पाठ केलेल्या छोट्या सूरहांमध्ये एक आहे, ८३ वी, सूरह मुतफ्फिफीन. तिचं नावच मापात मारणाऱ्यांवरून पडलेलं आहे. दुसऱ्याकडून घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे, अशा लोकांना तिथे ताकीद आहे. त्या दुपारपर्यंत माझ्या लक्षात न आलेली गोष्ट अशी की तिथे मापून देणं आणि तोलून देणं यांसाठी दोन वेगळी क्रियापदं आहेत. माप वेगळं आणि वजन वेगळं. मदयनच्या लोकांना हजरत शुऐब यांनी जी समज दिली तीही माप आणि तराजू या दोन्हींबद्दल. चौदाशे वर्षांपूर्वीच्या बाजारातल्या माणसाला जो फरक ठाऊक होता, तो गणिताच्या मास्तराने दरपत्रक करताना पुसून टाकला होता.

खरं तर हा फरक आपल्या घरांत अगदी परवापर्यंत जिवंत होता. आमची दादी भाताचं माप करायची ते शेर आणि पायलीने. चार शेरांची पायली. शेराच्या खाली मापटं, चिपटं, कोळवं, निळवं, प्रत्येक आधीच्याच्या निम्मं. ती सगळी भांडी, म्हणजे जागेची मापं. आणि 'शेर' हाच शब्द तराजूतही होता. तिथे तो ऐंशी तोळ्यांचा, आजच्या ९३३ ग्रॅमचा. त्याचा अर्धा अच्छेर, पाव तो पावशेर, आठवा भाग नवटाक. शब्द एकच, पण दादी कधी गोंधळली नाही. शेरभर मुरमुरे आणि शेरभर तांदूळ एकाच भांड्यात मावतात म्हणून ते सारख्या वजनाचे होत नाहीत, हे तिला शाळेत न जाता कळत होतं. भांडं काठाशी सपाट करून द्यायचं की शीग लावून द्यायचं, यावरून तर गावात माणसाची किंमत ठरायची. १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत किलो-लिटर आले. ते आले हे बरंच झालं. पण किलोग्रॅम जन्माला आला तोच मुळी एक लिटर पाण्याच्या वजनावरून, त्यामुळे लिटर आणि किलो ही जुळी भावंडं आहेत असं माझ्यासारख्यांच्या डोक्यात बसलं. ती भावंडं आहेत, पण फक्त पाण्यापुरती.

दरवर्षी रमजानच्या शेवटी आमच्याकडे हाच प्रश्न फितऱ्याच्या निमित्ताने उभा राहतो. ईदच्या नमाजाआधी गरिबाला द्यायचं हे धान्य पैगंबरांच्या काळात 'साअ' या मापाने दिलं जाई. साअ म्हणजे चार मुद, आणि मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची भरलेली ओंजळ. पूर्णपणे जागेचं माप. आज आपल्याला ते किलोत हवं असतं. त्यामुळे एका मशिदीच्या फलकावर गव्हाचा फितरा पावणेदोन किलोच्या आसपास दिसतो, तर पलीकडच्या मशिदीत दोन किलोच्या वर. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, आमच्याकडे पूर्ण साअ द्यायचा, तर हनफी मंडळींकडे गव्हाचा अर्धा. त्यात पुन्हा जव हलके, गहू जड, खजूर आणखी निराळे. लहानपणी मला वाटायचं की मौलवी भांडतात. आता कळतं की ओंजळीचं किलोत रूपांतर करणं खरोखर अवघड आहे. आणि अब्बा या भांडणात कधी पडले नाहीत. ते तांदूळ मोजून घेत आणि वर दोन मुठी टाकत. म्हणत, शंका आली तर ती आपल्या अंगावर घ्यावी, घेणाऱ्याच्या नाही.

त्या संध्याकाळी आपाने तसंच केलं. काकूंनी सांगितलेला आकडा ३ किलो ६७५. आपाने तो कागदावर लिहिला, शेजारी रिकामा डबा तोलला आणि भुवया वर केल्या. झाकणासकट रिकामा डबा ४५ ग्रॅमचा. "काकूंनी डब्यासकट तोललंय," ती म्हणाली. पाच डब्यांचे २२५ ग्रॅम वजा केले तर आत आइस्क्रीम ३ किलो ४५० ग्रॅमच होतं. लिटरला ६९० चा आमचा हिशेब बरोबर जुळला. काकूंच्या मते १ किलो ३२५ ग्रॅम कमी होते. खरी तूट १ किलो ५५० ग्रॅमची होती.

मी गप्प राहिलो. खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं की त्यांनी जेवढं मागितलंय तेवढंच द्यावं. आपाने माझ्याकडे बघितलंही नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी आम्ही कल्याणहून डोंबिवलीला निघालो. थर्माकोलच्या पेटीत तीन डबे, भोवती बर्फ-मीठ. धीम्या लोकलला मध्ये फक्त ठाकुर्ली. तेवढ्या वेळातही पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या आपाला उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं, मासे आहेत का? आपा हसली. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात तो 'यांच्याकडून' फिरत होता, आणि दारात तोच तरुण आला तर काय बोलायचं याची वाक्यं मी जुळवत होतो.

दारात तोच आला. काकूंचा मुलगा. आम्हाला बघून तो जरा चपापला. काकूंनी आत बोलावलं, पाणी दिलं. आपाने डबे पुढे ठेवले आणि म्हणाली, "काकू, तुमचा काटा आणता का?"

"अहो, आता कशाला तोलायचं? माझा विश्वास आहे."

"नाही, तोला. आणि आधी हा रिकामा डबा तोला." तिने चौथा, रिकामा डबा पिशवीतून काढला.

मुलाने काटा आणला. रिकामा डबा ठेवला. ४५. मग एकेक भरलेला डबा ठेवला. आपा त्याला सांगत होती आणि तो मोबाइलवर आकडे टाकत होता. डबे वजा जाता २ किलो ७० ग्रॅम भरले. "तुम्ही सांगितलं तेव्हा डब्यांचं वजन धरलं गेलं होतं," आपा म्हणाली. "तुमचे १ किलो ३२५ नाही, १ किलो ५५० येणे होते. वरचे बाळासाठी. चूक आमच्या दरपत्रकाची होती. लिटर लिहायचं ते किलो लिहिलं गेलं."

'लिहिलं गेलं' म्हणाली. कुणी लिहिलं ते सांगितलं नाही. तेव्हा मीच म्हणालो, "मी लिहिलं होतं. मी गणित शिकवतो."

काकूंना हसू आवरलं नाही. मुलगा हसला नाही. तो काट्यावरच्या आकड्याकडे बघत राहिला. निघताना चपला घालत असताना तो मला म्हणाला, "परवा फोनवर… तुम्हाला ऐकू आलं का काही?" मी म्हणालो, "आलं." तो मान खाली घालून म्हणाला, "सॉरी." मी जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही बोललो नाही. मी काही मोठं मन दाखवलं असं नाही. चूक आमचीच असताना ती वाक्यं बोलता येण्यासारखी नव्हती, एवढंच. त्याने आमच्या पाच डब्यांवरून सगळ्यांचा हिशेब मांडला होता, हे त्याचं चुकलं. पण डबे कमी होते, हे खरंच होतं. या दोन गोष्टी एकमेकींतून वजा होत नाहीत, हे मला त्या जिन्यावर समजलं.

प्रकरण इथे संपलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. परतीच्या गाडीत आपा म्हणाली, "बाकीच्यांचं काय?"

बाकीचे म्हणजे आठ महिन्यांतले सगळे गिऱ्हाईक. तिची वही नीट होती. दरपत्रक गेल्यापासून 'किलो' म्हणून गेलेलं आइस्क्रीम ८४ किलो. दर किलोमागे ३१० ग्रॅम कमी, म्हणजे २६ किलो. चारशेच्या दराने १० हजार ४०० रुपये. भाच्याच्या फीसाठी बाजूला पडलेल्या पैशातला मोठा वाटा.

मी वाद घातला. म्हणालो, गिऱ्हाइकाने डबा डोळ्यांनी बघून घेतला. चव आवडली म्हणून परत आले. एक लिटरला चारशे हा तुझ्या खर्चाचाच भाव होता, तू नफा लुटला नाहीस. दाजीही माझ्याच बाजूने होते. आपा म्हणाली, "माझा खर्च माझ्याकडे. त्यांना मी काय सांगितलं होतं ते त्यांच्याकडे." तिने एकेकाला फोन केले. पुढच्या ऑर्डरीत तूट भरून देते म्हणाली. बहुतेकांनी हसण्यावारी नेलं. काहींनी "राहू द्या हो ताई" म्हटलं, म्हणजे माफ केलं. काहींनी हक्काने घेतलं, आणि तेही बरोबरच होतं. मुंब्र्याच्या एका लग्नघराने तर वीस किलोवरची तूट वलीम्यानंतरच्या दावतीत वसूल केली. ज्यांचे नंबर बंद होते किंवा जे सापडले नाहीत, त्यांच्या वाट्याचे पैसे तिने त्यांच्या नावाने सदका करून टाकले. फीचा पहिला हप्ता मी भरला. तो उपकार नव्हता, माझ्या दोन बोटांच्या कामाची ती किंमत होती.

या निमित्ताने स्वयंपाकघरातली काही गणितं माझी पक्की झाली, ती वाचकांसाठी लिहून ठेवतो. पाककृतीत 'दोन कप आइस्क्रीम' असेल आणि कप २४० मिलिलिटरचा असेल, तर बाजारातल्या साध्या व्हॅनिलाचे ते सुमारे २७० ग्रॅम होतात. आपाच्या आइस्क्रीमचे ३३० होतील. म्हणून एकच आकडा सगळ्यांना लावू नये. आपल्या डब्यावर मिलिलिटर आणि ग्रॅम दोन्ही छापले असतील तर ग्रॅमला मिलिलिटरने भागावं, येणारा अपूर्णांक हाच त्या आइस्क्रीमचा भाव. छापले नसतील तर रिकामी वाटी तोला, पाणी भरून तोला, पाणी ओतून आइस्क्रीम दाबून भरा, सपाट करा, पुन्हा तोला. चमच्याने गोळे करून टाकले तर मध्ये पोकळ्या राहतात आणि वजन आणखी कमी भरतं. काटाच नसेल तर मोजून वितळू द्या. हवा निघून जाते आणि खरी गोष्ट तळाशी उरते. आपाचं एक लिटर वितळून ६४० मिलिलिटर उरतं. लिटरला ५२५ ग्रॅमवालं अर्ध्या लिटरपेक्षाही थोडं कमी.

कुल्फीची गोष्ट वेगळी. ती घुसळत नाहीत, आटवून साच्यात गोठवतात, त्यामुळे हवा जवळपास नाहीच. गिरगाव चौपाटीसमोरच्या न्यू कुल्फी सेंटरमध्ये कुल्फी काट्यावर तोलून, तुकडे करून देतात, ते मला लहानपणी गमतीचं वाटायचं. आता वाटतं, ज्याच्या मालात हवा नाही तो बिनधास्त तराजू पुढे ठेवतो. रमजानच्या रात्री अब्बा आम्हाला कल्याणहून भेंडी बाजारला न्यायचे. बोहरी मोहल्ल्यातलं १८८७ सालापासूनचं ताज आइस्क्रीम, हाताने फिरवलेल्या सांच्यातलं, दाट, दातांना जाणवणारं. हाताने फिरवताना हवा यंत्राइतकी भरत नाही. त्या एका वाटीने पोट भरायचं, आणि आम्ही म्हणायचो अब्बांनी एकच घेऊन दिली. वाटी एकच होती. वजन किती होतं ते आम्हाला कुठे ठाऊक होतं?

आपाच्या फ्रिजवर आता नवं दरपत्रक आहे. या वेळी तिने ते स्वतः लिहिलं, हाताने: 'डबा १ लिटर, आइस्क्रीम किमान ६५० ग्रॅम, ४०० रुपये.' ते वाचून दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांनी घेणं थांबवलं. पूर्वी त्यांना चारशेत एक किलो मिळतंय असं वाटत होतं, आता साडेसहाशे ग्रॅम मिळतंय असं वाटतं. डबा तोच आहे. आपा म्हणते, जाऊ देत, जे राहिले ते बघून राहिले. काकू राहिल्या. दिवाळीला त्यांनी दोन डबे मागवले आणि फोनवर विचारलं, "किलो की लिटर?" मागून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. या वेळी आपाने स्पीकर मुद्दाम सुरू ठेवला होता.

आणि मी यंदा पाचवीच्या वर्गात फळ्यावर नेहमीचं वाक्य लिहिलं, खडू खाली ठेवला, आणि पुन्हा उचलून आधी एक शब्द जोडला. पाण्याचं. पाण्याचं एक लिटर म्हणजे एक किलो.